दम आणि घड्याळ



मार्च २०२४ आठवून बघा. १ तारखेला हैदराबादेत पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून प्रो कबड्डी लीग जिंकली. पलटणचा कर्णधार होता आपल्याच जिल्ह्यातला अस्लम इनामदार. त्याच महिन्यात आपल्या वाडिया पार्कवर पुरुषांची ७०वी राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा झाली. नगरला याचा अभिमान वाटला, आम्हालाही वाटला. त्यावर विरजण घालायला आम्ही आज उभे नाही. पण अभिमान वाटला की प्रश्न विचारायचेच नाहीत, हे काही आम्हाला जमत नाही. चाळीसएक वर्षं तत्त्वज्ञान शिकवल्याचा हा दोष म्हणा.

आधी पैशाची बाजू घेऊ, कारण ती खरी आहे. कबड्डीपटूची जुनी कहाणी काय होती? रेल्वेत, पोलिसात किंवा बँकेत चिकटला तर नशीब, नाहीतर गुडघा गेला की घरी. २०१४ मध्ये प्रो कबड्डीच्या पहिल्या लिलावात सर्वात महाग खेळाडू होता राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. २०२३ मध्ये पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांहून जास्त बोली लागली. हे वाईट झालं असं कोण म्हणेल? गरिबीत खेळ शुद्ध राहतो, असं सांगणारे बहुधा स्वतः निवृत्तिवेतन घेत असतात. आम्हीही घेतो, म्हणून त्या वाटेला जात नाही.

आमची शंका वेगळी आहे. हा पैसा कशाचा मोबदला आहे? मैदानावरच्या प्रेक्षकाला तिकीट विकतात. टीव्हीसमोरच्या प्रेक्षकाचं मात्र लक्षच जाहिरातदाराला विकतात. म्हणजे बाजारात माल म्हणून खेळ नाही, आपण आहोत. खेळ हे आपल्याला धरून ठेवण्याचं साधन. आता हे बघा : २०१५ मध्ये स्टार इंडियाने लीग चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्समधला ७४ टक्के हिस्सा घेतला. दाखवणारा आणि भरवणारा एकच झाला. मग २०२१ मध्ये पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ९०८ कोटींना गेले, तेही स्टारकडेच. याला बेकायदा म्हणायचं नाही. पण खेळाचं हित आणि पडद्याचं हित यांत कधी भांडण लागलं, तर पंच कोण, एवढं तरी विचारायला हवं की नको?

हे भांडण कुठे दिसतं? नियमांत. कबड्डी हा मुळात दमाचा खेळ. हुतुतू म्हणा, कबड्डी म्हणा, चढाई किती वेळ टिकणार हे चढाईपटूचा श्वास ठरवायचा. आता ३० सेकंदांचं घड्याळ ठरवतं. नियमपुस्तकात दम अजून आहे, पण पडद्यावर तो संगीतात आणि समालोचनात बुडून जातो. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’. तीन किंवा कमी गडी असताना पकड केली तर ती अव्वल पकड, एक गुण जादा.

हे सगळे बदल वाईट आहेत, असं आमचं म्हणणं नाही. मध्यरेषेपाशी टिवल्याबावल्या करत वेळ काढणारे सामने आम्हीही जांभया देत पाहिलेत. पण नियम करणाऱ्याच्या मनातला प्रश्न बदलला, हे लक्षात घ्या. पूर्वी प्रश्न असायचा, दोन संघांत न्याय्य काय? आता त्याच्या शेजारी दुसरा येऊन बसला : प्रेक्षकाने चॅनल बदलू नये म्हणून काय? पाहुणा कधी घरमालक होतो, ते घरच्यांना कळतही नाही.

अलासडेअर मॅकिन्टायर नावाच्या तत्त्वज्ञाने १९८१ च्या ‘आफ्टर व्हर्च्यू’मध्ये एक भेद केला आहे. एखाद्या खेळातून मिळणारी काही फळं त्या खेळातच असतात, तो नीट खेळल्याशिवाय मिळत नाहीत. पैसा आणि प्रसिद्धी ही बाहेरची फळं, ती दुसऱ्या झाडावरही लागतात. बाहेरचं फळ खाऊ नये असं नाही. पण त्याच्यासाठी झाड कुठे, किती छाटायचं हे ठरू लागलं, की आतलं फळ धरत नाही.

याची किंमत कोण मोजतं, ते सांगतो. २०१२ मध्ये पाटण्याला भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. त्या संघात अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. २०१६ मध्ये प्रो कबड्डीच्या जोडीने महिलांची छोटी लीग झाली, तीन संघांची. पुढच्या वर्षी नाही. त्यांचा खेळ कमी पडला म्हणावं, तर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी चायनीज तैपेईला २६-२५ असं हरवून सुवर्ण आणलं. म्हणजे खेळाच्या आत शोधलं तर कारण सापडत नाही. आमचा तर्क असा, की हिशोब बाहेर झाला. पडदा ज्याला दाखवत नाही तो खेळ हळूहळू आपल्या लेखी उरत नाही. शाळेच्या मैदानावर दम घुमवणाऱ्या मुलीला मग घरचे विचारतात, ‘पुढे याचं काय होणार?’ आणि तिच्याकडे उत्तर नसतं. पैसा वाईट आहे की नाही, या वादापेक्षा हे उत्तर नसणं आम्हाला जास्त टोचतं.

मग आम्ही सामने पाहायचे सोडले का? नाही. काल रात्रीही पाहिला. संशय म्हणजे बहिष्कार नव्हे. पण सावेडीतल्या एखाद्या मैदानावर मुलींचा सामना असेल, तर एक संध्याकाळ टीव्ही बंद करून तिथे जाऊन बसा. तिथे तुमचं लक्ष कोणी विकत नाही, ते थेट खेळणारीला मिळतं. आणि बाकी काही नाही, तरी दम ऐकू येईल.