उभयवेतनाच्या पलीकडे : परदेशस्थ गुप्तचरांच्या आत्मकथनांतील भ्रमनिरास

रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या आणि काही काळ रत्नागिरीच्या सरकारी शाळेत अध्यापन केलेल्या म. म. पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात (१९४६) राजधर्माचे विवेचन करताना कौटिल्याचा आधार वारंवार घेतला आहे. पुढे मुंबई विद्यापीठाने १९६० पासून र. पं. कंगले यांची अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. या ग्रंथातील गूढपुरुषांचे प्रकरण सामान्यतः हेरांच्या वेषांतरासाठी उद्‍धृत केले जाते. त्यातील मानसशास्त्राकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

कौटिल्याचा ‘उदास्थित’ हा संन्यासमार्गातून च्युत झालेला मनुष्य आहे, तर ‘गृहपतिक’ व ‘वैदेहक’ हे उपजीविका गमावून बसलेले शेतकरी व व्यापारी. म्हणजे ज्यांचा एकदा भ्रमनिरास झाला आहे, अशा माणसांतूनच हेरखात्याची भरती होते. शत्रूच्या राज्यातही क्रुद्ध, लुब्ध, भ्यालेले आणि मानी असे चार प्रकारचे लोक हेरून त्यांना फितवावे, असा आदेश आहे. परराज्यात राहून तेथील राजाचेही वेतन घेणारा हेर तो ‘उभयवेतन’. तो उलटू नये म्हणून त्याची बायकामुले स्वतःच्या ताब्यात ठेवावीत, असे कौटिल्य सुचवतो. हेराचे मन पालटू शकते हे त्याला पूर्णपणे ठाऊक होते. मात्र पालटलेला हेर दुसऱ्या राजाकडेच जाणार, हे त्याने गृहीत धरले आहे. राजाने दिलेले काम अधर्म्य आहे म्हणून ते प्रजेलाच सांगणारा हेर या व्यवस्थेत संभवत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा तिसरा मार्ग पत्करणारी माणसे पुढे आली. मराठी वृत्तपत्रांनी त्यांच्यासाठी ‘जागल्या’ हा शब्द योजला आणि तो फार मार्मिक आहे. जागल्या हा गावचा रखवालदार; त्याची हाक राजाला नव्हे, झोपलेल्या गावाला असते. या आत्मकथनांचे मूल्यमापन करताना दोन प्रश्न निर्णायक ठरतात : लेखकाला नेमकी केव्हा जाग आली, आणि त्याची हाक कोणासाठी आहे?

फिलिप एजी यांचे ‘इनसाइड द कंपनी : सीआयए डायरी’ (१९७५) हे या परंपरेतील पायाभूत पुस्तक होय. १९५७ ते १९६८ या काळात एजी सीआयएच्या सेवेत होते. इक्वेडोर, उरुग्वे व मेक्सिको येथे त्यांनी काम केले. टपाल फोडणे, दूरध्वनी ऐकणे, कामगार संघटनांत माणसे पेरणे, स्थानिक पोलिसांना पैसा व नावे पुरवणे, हे सारे ते कारकुनी नेमकेपणाने नोंदवतात. त्यातील एक प्रसंग विसरता येत नाही. १९६५ च्या डिसेंबरात माँटेव्हिडिओच्या पोलीस मुख्यालयात एजी बसले असताना शेजारून कोणाच्या तरी वेदनेचे आवाज येऊ लागतात. ते ऐकू येऊ नयेत म्हणून फुटबॉल सामन्याचे समालोचन चालू असलेल्या रेडिओचा आवाज वाढवला जातो. ज्याचा छळ चालला होता त्याचे नाव आपणच पोलिसांना दिले होते, हे एजींना मागाहून कळते. ज्या अधिकाऱ्याच्या हाती एरवी फक्त नावांचे कागद असतात, त्याच्या कानी येथे प्रथमच एका नावामागचा माणूस पडतो.

तरीही या पुस्तकाच्या रूपबंधाविषयी एक आक्षेप घ्यावा लागतो. ते दैनंदिनीच्या स्वरूपात असले तरी त्या-त्या दिवशी लिहिलेले नाही; नोकरी सोडल्यानंतर आठवणी व कागदपत्रे यांच्या आधारे त्याची पुनर्रचना झाली आहे. त्यामुळे प्रत्येक तारखेच्या नोंदीत पुढच्या एजींचे शहाणपण मिसळते. भ्रमनिरास हळूहळू होत गेला की नंतर एकसंध रचला गेला, हे ठरवता येत नाही. शिवाय पुस्तकात सुमारे २५० अधिकारी व हस्तकांची नावे दिलेली आहेत. एजींच्या मते तीच खरी कृती होती. मात्र गावाला जागे करणे आणि माणसांना उघड्यावर आणणे या दोहोंत फरक आहे. डिसेंबर १९७५ मध्ये अथेन्समधील सीआयएप्रमुख रिचर्ड वेल्श यांची हत्या झाली आणि तिचा ठपका एजींवर ठेवला गेला. वेल्श यांचे नाव त्यांच्या पुस्तकात नव्हते, हे येथे नोंदवणे न्यायाचे ठरेल. एजींना ब्रिटनमधून हद्दपार व्हावे लागले, १९७९ मध्ये त्यांचे पारपत्र रद्द झाले आणि २००८ मध्ये हवानात त्यांचा मृत्यू झाला. हवाना हे मृत्युस्थान टीकाकारांच्या फारच सोयीचे ठरले. दुसऱ्या राजाचे वेतन हे कौटिलीय गृहीतक त्यांना लावणे त्यामुळे सोपे गेले.

एडवर्ड स्नोडेन यांचे ‘पर्मनंट रेकॉर्ड’ (२०१९) या दृष्टीने अधिक सावध आहे. त्यांनी कागदपत्रे स्वतः प्रसिद्ध न करता जून २०१३ मध्ये हाँगकाँग येथे पत्रकारांच्या हाती दिली. काय छापावे हा विवेक दुसऱ्यांवर सोपवला. त्यांच्या जागृतीत किंकाळी नाही. जिनिव्हा येथील सीआयएच्या कामात त्यांना खात्याच्या रीती दिसल्या. पुढे टोकियोत चीनच्या पाळतयंत्रणेवर व्याख्यान तयार करताना, आपला देशही हेच करीत असला पाहिजे ही शंका त्यांच्या मनात उद्भवली. एजींनी एक माणूस ऐकला, तर स्नोडेन यांना एक यंत्रणा दिसली. म्हणूनच त्यांचे निवेदन तर्कशुद्ध असूनही काही ठिकाणी निर्जीव वाटते. ज्यांच्यावर पाळत होती ती माणसे त्यात अभावानेच भेटतात. मार्च २०१३ या एका महिन्यात भारतातील संगणकजाळ्यांतून ६३० कोटी नोंदी गोळा झाल्याचे त्यांच्या कागदपत्रांतून उघड झाले होते. त्या नोंदींत रत्नागिरीचा एखादा प्राध्यापकही असू शकेल. पुस्तकाच्या दृष्टीने तो केवळ संख्येचा भाग राहतो. स्नोडेन यांना २०२२ मध्ये रशियाचे नागरिकत्व मिळाले आणि उभयवेतनाचा जुना आरोप पुन्हा ताजा झाला.

भारतीय उदाहरण मेजर जनरल व्ही. के. सिंग यांचे. सैन्यातून ‘रॉ’मध्ये येऊन दूरसंचार विभाग सांभाळलेल्या सिंग यांनी २००७ मध्ये ‘इंडियाज एक्स्टर्नल इंटेलिजन्स’ हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी केंद्रीय अन्वेषण विभागाने त्यांच्या घरावर छापा घातला व १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाखाली त्यांच्यावर कारवाई केली. साहित्यकृती म्हणून या पुस्तकाला मर्यादा आहेत. त्यातील भ्रमनिरास परदेशातील कारवायांच्या नीतीविषयी नाही. यंत्रसामग्रीच्या खरेदीतील गैरव्यवहार आणि कोणालाच उत्तरदायी नसलेले खाते यांविषयी आहे. एजी विचारतात, हे काम करावे काय? सिंग विचारतात, हे काम असे का करतात? दुसरा प्रश्न कमी नाट्यमय असला तरी भारतीय वाचकाच्या तो अधिक जवळचा आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने गुप्तचर संस्थांना वगळताना भ्रष्टाचार व मानवी हक्कभंगाच्या आरोपांचा अपवाद ठेवला होता. नागरिकाला जे विचारण्याची वाट कायद्याने किलकिली ठेवली, तेच निवृत्त अधिकाऱ्याने न विचारता सांगितले तर तो आरोपी ठरतो, ही विसंगती सिंग यांच्या प्रकरणातून उघड होते.

मराठीत बहिर्जी नाईकांपासून हेराची प्रतिमा पराक्रमाची आहे. रत्नागिरीत १८८६ पासून थिबा राजा आणि १९२४ ते १९३७ या काळात वि. दा. सावरकर सरकारी नजरेखाली राहिले. त्या दोघांविषयी ग्रंथ झाले. त्यांच्यावर अहवाल लिहिणाऱ्याला काय वाटले, हा प्रश्न मात्र मराठी समीक्षेने विचारलेला नाही. आजच्या निवृत्त अधिकाऱ्याने तो स्वतःला विचारावा, तर २०२१ मध्ये दुरुस्त झालेले निवृत्तिवेतनाचे नियम आडवे येतात. गुप्तचर व सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्या व्यक्तीला संस्थेच्या कार्यक्षेत्राविषयी काहीही प्रसिद्ध करण्यापूर्वी संस्थाप्रमुखाची अनुमती घ्यावी लागते. अट मोडल्यास निवृत्तिवेतन थांबू शकते. कौटिल्याने बायकामुले ताब्यात ठेवण्यास सांगितले होते. नव्या नियमांना तेवढे कठोर व्हावे लागत नाही, कारण त्यांच्या उदरनिर्वाहाची दोरी हाती असणे पुरते.