खर्जाचे कान

ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणाऱ्याची अवस्था लग्नातल्या मुलीच्या मामासारखी असते. तो हजर असताना त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण ऐन मुहूर्ताला दिसला नाही, की साऱ्या मांडवात 'मामा कुठंय, मामा कुठंय' असा गजर सुरू होतो. गाणाऱ्याला टाळ्या, ढोलकीवाल्याला शिट्ट्या, की-बोर्डवाल्याला फर्माइशीच्या चिठ्ठ्या आणि ह्याला? ह्याला कार्यक्रम संपल्यावर वायरी गुंडाळायचं काम. चार जाड तारांचं वाद्य गळ्यात अडकवून हा कोपऱ्यात उभा असतो आणि बघणाऱ्यांना वाटतं, हा गडी नुसते मान हलवायचे पैसे घेतो.

आमचा पुतण्या परभणीच्या एका ऑर्केस्ट्रात हेच मान हलवायचं काम करतो. सेलू, मानवत, जिंतूर, पूर्णा, गंगाखेड हा त्याचा दौरा. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं, आणि एप्रिलमध्ये जयंतीच्या भीमगीतांचे कार्यक्रम. गेल्या हंगामाच्या तोंडावर त्याच्या गिटारीचा पिकअप गेला. ही बातमी त्याने दिली तेव्हा आमच्या शेजाऱ्यांनी हळहळून विचारलं, "किती टनाचा होता?" त्यांचंही बरोबरच होतं. आमच्याकडे पिकअप म्हणजे कापूस आणि सोयाबीन वाहणारी गाडी.

विनोद बाजूला ठेवला तर प्रकरण गंभीर होतं. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी त्याला सांगून ठेवलं होतं, की पंधरा दिवसांत वाद्य बोलतं कर, नाहीतर की-बोर्डवाला डाव्या हाताने बेस वाजवून घेईल. हल्लीच्या की-बोर्डात खर्ज आयता भरलेला असतो. तो जेवायला मागत नाही आणि जीपमध्ये जागाही अडवत नाही. मालकांचं गणित चूक नव्हतं. फक्त त्या गणितात आमचा पुतण्या वजा होत होता.

"काका, तुम्ही इतकी वर्षं गाण्यावर लिहायलात," तो म्हणाला, "आता मला पिकअप निवडून द्या."

पिकअप म्हणजे गिटारीचा कान. लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घातलेले असतात. वर पोलादी तार थरथरली, की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. ह्यामागचं तत्त्व मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे सेलूची वरात नसणार हे उघड आहे. सांगायचा मुद्दा असा, की पिकअप गात नाही, ऐकतो. कानाची पारख करताना 'ह्याला ऐकू कसं येतं' असं आपण विचारतो. पिकअपच्या बाजारात मात्र जो तो 'हा ओरडतो किती' असंच विचारतो.

पुतण्याने जमवलेली माहितीपत्रकं मी चष्मा पुसून वाचली. एक पिकअप 'उबदार', दुसरा 'लाकडी', तिसरा 'गुरगुरणारा' आणि चौथा एकाच वेळी मखमली नि आक्रमक! समीक्षेच्या धंद्यात आम्ही 'दाणेदार', 'पल्लेदार', 'मुलायम' ही विशेषणं पोत्याने विकतो; त्यामुळे पुरावा संपला की विशेषण सुरू होतं, हे आमच्यापासून लपत नाही.

विशेषणांवर ज्यांचा विश्वास नाही त्यांच्यासाठी खाली आकडा छापलेला असतो : इतके किलो-ओहम. पुतण्या दहावाल्याला सोडून पंधरावाल्याकडे वळला, कारण आकडा मोठा. अरे बाबा, हे काय कांद्याच्या पट्टीवरचं वजन आहे? ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध. वेढे वाढवले तरी तो वाढतो आणि वेढे तेवढेच ठेवून तार बारीक केली तरी वाढतो. वेढे वाढले की जोर वाढतो हे खरं. पण त्याबरोबर स्वराचा वरचा, तजेलदार भाग बुजत जातो. अंगात स्वेटर, वर शाल आणि त्यावर घोंगडी घेऊन माणूस बोलायला लागला, तर जसा आवाज येईल तसा.

"पण काका, बेसला वरचा भाग पाहिजे कशाला? तो तर खालचाच असतो ना?"

इथेच खरी मेख आहे. बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली, तर ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. आता आकाशवाणी हातातल्या छोट्या रेडिओवर लावून बघा. तळहाताएवढा तो स्पीकर ४१ कंपनं नीट काढूच शकत नाही, आणि तरीही गाण्यातला खर्ज आपल्याला कळतो. कारण कुठलीही तार एकच स्वर देत नाही. मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे स्वरही तिच्यातून निघतात, आणि ते कानावर पडले की न ऐकलेला खालचा स्वर मेंदू स्वतःच भरून काढतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून कुणीही न लावलेला गंधार ऐकू येतो, तोही ह्याच कुळातला. मिरजेचे कारागीर जवारी जमवण्यासाठी जीव टाकतात, ते ह्या वरच्या स्वरांसाठीच. म्हणजे खर्ज कळायचा असेल, तर त्याच्या वरचं सगळं स्वच्छ पाहिजे. नुसता 'धुम्म' करणारा पिकअप मांडव हादरवील, पोटातलं वरण हलवील. पण वाजला तो षड्ज होता की पंचम, हे त्याच्या बापालाही सांगता येणार नाही.

गाण्याप्रमाणे पिकअपचीही घराणी असतात. मूळ पुरुष लिओ फेंडर. कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्त करणारा हा माणूस. स्वतःला गिटार वाजवता येत नसे, म्हणून तो इतरांचं लक्ष देऊन ऐके. त्याने १९५१ साली 'प्रिसिजन' नावाचा बेस काढला. नावाचं कारण साधं : पडदे असल्यामुळे बोट ठेवलं की स्वर नेमका लागतो. १९५७ साली त्याने ह्या बेसच्या पिकअपचे दोन तुकडे केले, दोन तारांना एक आणि उरलेल्या दोन तारांना एक. १९६० साली 'जॅझ' बेस आला, त्यात दोन वेगळे लांबट पिकअप. पुतण्याच्या एका मित्राचा मात्र जर्मन हॉफनरचाच आग्रह होता. पॉल मॅकार्टनीने १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतला तसला, व्हायोलिनच्या आकाराचा. "जगात जर्मनी, भारतात परभणी" ह्या म्हणीचा त्याने एवढा शब्दशः अर्थ लावलेला बघून मला भरून आलं. पण आम्हाला कान बदलायचा होता, डोकं नव्हे.

घराण्यांची खरी परीक्षा वाद्य वाजत नसताना होते. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. बेसच्या जाड तारेचा तिसरा पडदा दाबला, तर ४९ कंपनांचा स्वर निघतो. पेटीवर त्याची पट्टी पांढरी पाच. म्हणजे मांडवातल्या माळा, हॅलोजन आणि पंखे रात्रभर किंचित चढ्या पांढरी पाचमध्ये गुणगुणत असतात, आणि एकेरी वेढ्यांचा पिकअप ही गुणगुण इमानाने ऐकून स्पीकरला सांगतो. गाणारा काळी एकमध्ये, घूं आवाज पांढरी पाचमध्ये! अमेरिकेत विजेची कंपनं ६०, तिथे हीच घूं काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे कुठेतरी लोंबकळते. आमच्याकडे त्यात जनरेटरची भर. भार पडला की तो दमतो, आणि घूं दमलेल्या गवयासारखी खाली उतरते.

दोन तुकड्यांच्या पिकअपची खुबी इथे कळते. दोन्ही तुकड्यांचे वेढे आणि चुंबक एकमेकांच्या उलट असतात. तारेचा स्वर दोघांच्या बेरजेत राहतो आणि बाहेरून आलेली घूं वजाबाकीत जाते. जॅझच्या जोडीतही ही सोय पुढे आली. पण दोघांचे आवाज सारखे ठेवले तरच. एकाचा कमी केला, की दुसरा कुरकुरायला लागतो. संसारी माणसाला हे अधिक समजावून सांगायला नको. शिवाय जॅझ बसवायचा तर वाद्याला नवीन खोबण पाडायला सुताराकडे जावं लागलं असतं.

मधल्या काळात पुतण्या जुना पिकअप घेऊन मोटार रिवायंडिंगच्या दुकानात जाऊन आला. शेतातले पंप जळायला लागले की ह्या दुकानांना मुहूर्त बघायला फुरसत नसते. मिस्त्रींनी मल्टिमीटर लावून तार आत कुठेतरी तुटल्याचं निदान केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि सांगितलं, "पाच हॉर्सपॉवरची मोटार दे, संध्याकाळी घेऊन जा. ह्या केसायला मी हात लावत नसतो."

मग आम्ही साधा दोन तुकड्यांचा, जेमतेम दहा-अकरा किलो-ओहमचा, कुठलंही विशेषण न लावलेला पिकअप घेतला. जुन्याच खोबणीत तो बसला. हौसेने पुतण्याने तो तारांच्या अगदी जवळ वर घेतला, तर जाड तार बेसूर डुलायला लागली. कारण फार जवळ आलेला चुंबक तारेला मोकळेपणी थरथरूच देत नाही. स्क्रू दोन फेरे खाली घेतले तेव्हा स्वर सुटा झाला. जनाबाईंच्या गंगाखेडला भजनात बसणारा कुठलाही पखवाजवाला हे सांगेल. डाव्या पुडीला कणीक थोडी जास्त झाली तरी घुमारा मरतो आणि कमी झाली तरी मरतो.

सेलूच्या लग्नात मी मुद्दाम मागच्या रांगेत, आचाऱ्यांच्या बाजूला बसून ऐकलं. समीक्षकाच्या नात्याने दोष आधी सांगतो. वरचे स्वर स्वच्छ झाल्यामुळे पुतण्याची बोटं कुठे घसरतात तेही आता स्वच्छ ऐकू येतं, आणि द्रुत गाण्यात ती बरीच घसरतात. हा पिकअप कुणाची अब्रू झाकत नाही. पण निवेदक बोलत होता तेव्हा मांडवात घूं नव्हती, आणि ढोलकी घुमत असतानाही बेसचा प्रत्येक स्वर आपल्या पायांवर उभा होता. नाचणाऱ्यांना ह्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांचे पाय मात्र एकाच ठेक्यात पडत होते.

दहाच्या ठोक्याला, नियमाप्रमाणे, स्पीकर बंद झाले. मालक खुशीत स्टेजवर आले आणि की-बोर्डवाल्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आज डाव्या हातानं काय खर्ज भरलास राव!"

की-बोर्डवाल्याने काही न बोलता डावा हात वर केला. त्यात मघापासून चहाचा कप होता.

मालकांनी वळून कोपऱ्यात बघितलं. आमचा पुतण्या वायरी गुंडाळत होता. त्याला त्यांनी खिशातली डायरी काढून फेब्रुवारीपर्यंतच्या तारखा सांगितल्या.