‘मेटॅफर’ आणि रूपक

इंग्रजी ‘मेटॅफर’ला ‘रूपक’ हा प्रतिशब्द इतका रुळला आहे की त्यातील अव्याप्ती सहसा ध्यानात येत नाही. रूपकात उपमेय व उपमान दोन्ही शब्दांनी सांगितलेली असतात. उपमानाने उपमेय गिळून टाकले, तर मम्मटाच्या मते ती अतिशयोक्ती. १९३६ साली आय. ए. रिचर्ड्स यांनी ‘टेनर’ व ‘व्हेइकल’ अशी मेटॅफरची दोन अंगे वेगळी केल्यापासून हा भेद इंग्रजीतही मांडणे सुकर झाले आहे.

‘मॅक्बेथ’च्या पाचव्या अंकातील पाचव्या प्रवेशात राणीच्या मृत्यूची वार्ता ऐकल्यावर मॅक्बेथ अल्पजीवी मेणबत्तीला विझून जाण्यास सांगतो आणि लागलीच जीविताला चालती सावली म्हणतो. दुसरे विधान निःसंशय रूपक होय. पहिल्यात मात्र उपमेयाचा उच्चारच नाही. मग विझावयाचे ते कोणाचे जीवित? राणीचे, मॅक्बेथचे, की मनुष्यमात्राचे? याच अंकाच्या पहिल्या प्रवेशात झोपेत चालणाऱ्या राणीच्या हाती खरीखुरी जळती मेणबत्ती होती, हेही विसरता येत नाही. उपमेय अनुक्त राहिले म्हणूनच हे सारे अर्थ एकत्र नांदू शकतात. ‘जीवनरूपी मेणबत्ती’ असा अर्थ लिहिणारा विद्यार्थी (आणि परीक्षोपयोगी मार्गदर्शिका त्याला तेच शिकवितात) शेक्सपिअरने न उच्चारलेला शब्द स्वतः उच्चारून त्यांतील दोन अर्थ पुसून टाकतो.