माळवदाचे परीक्षण

आपल्याकडे कादंबरीचे परीक्षण होते, नाटकाचे होते, दिवाळीत तर फराळाचेही होते. ज्या घरात बसून आपण हे सारे करतो, त्या घराचे परीक्षण मात्र सहसा कोणी लिहीत नाही. वास्तविक घर हीही एक रचनाच. कोणीतरी एक गरज ओळखलेली असते, हाताशी असलेले साहित्य पाहिलेले असते आणि त्यातून एक उत्तर काढलेले असते. ते उत्तर बरोबर की चूक, हे विचारण्याचा अधिकार वाचकाप्रमाणे त्यात राहणाऱ्यालाही आहे. मी अहमदपूरचा. बालाघाटाच्या या माथ्यावर ज्या घरांत आमच्या पिढ्या वाढल्या, त्या माळवदांविषयी मला आज असेच चार शब्द लिहायचे आहेत.

माळवद ठाऊक नसलेल्या पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. भोवती दीड-दोन हातांच्या काळ्या दगडांच्या भिंती, त्याही मातीतच बांधलेल्या. घर मोजायचे ते खणांवर. वैशाखात बाहेर अंग भाजून निघत असता आत माठातल्या पाण्यासारखा गारवा. धान्य सुरक्षित, चोराचिलटांचे भय कमी, आणि रात्री वर जाऊन अंथरूण टाकावे तर आभाळाएवढे छत. ज्या मुलखात दगड आणि माती फुकट आणि ऊन अमाप, तिथे याहून शहाणे उत्तर कोणते?

आणि तरीही 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे कमी असताना, याच घरांनी हजारो माणसे आपल्याखाली घेतली. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे दगडांचे ढीग होऊन राहिली. आमच्या अहमदपुरालाही धक्का जाणवला. आम्ही वाचलो ते घरे भक्कम होती म्हणून नव्हे, किल्लारी बरीच दूर होती म्हणून.

तेव्हापासून एक निकाल सर्वतोमुखी झाला : दगडमाती वाईट, सिमेंट चांगले. माझा आक्षेप या निकालाला आहे.

जरा हिशेब करून पाहू. 10 फूट लांब, 10 फूट रुंद खोलीवर 2 फूट माती असली तर ती 200 घनफूट भरते. घनफुटाला 45 किलो धरले तरी 9,000 किलो! भूकंप घराला आडवा हिसका देतो, आणि जितके वजन अधिक तितका हिसका मोठा. मूळ कारागिराने एवढी माती घातली होती काय? बहुधा नाही. गळती थांबावी म्हणून लोक मृगाआधी वरून मातीचा नवा थर देत, आणि जुना थर काढण्याचे कष्ट कोण घेतो? आजोबांचा थर, वडिलांचा थर, आपला थर. वारशाचे ओझे म्हणतात ते असे शब्दशः डोक्यावर होते.

भिंतीची गोष्ट याहून बोलकी आहे. बाहेरून ती एकसंध दिसते. प्रत्यक्षात तिचे दोन पदर असतात, एक आतला आणि एक बाहेरचा, आणि मध्ये भरलेली दगडगोट्यांची भर. दोन्ही पदरांना शिवणारा, आरपार जाणारा दगड ठिकठिकाणी घातला नाही, तर हिसक्यासरशी पदर फाकतात. उलट, जिथे लाकडी सांगाडा धड होता, तिथे भिंती ढासळूनही खांब-तुळया उभ्या राहिल्याचे पाहणी करणाऱ्यांनी नोंदवले आहे. म्हणजे मूळ कल्पना सर्वस्वी वेडी नव्हती : भार खांबांनी पेलावा, भिंतीने आडोसा द्यावा. पुढे लाकूड महागले, खांब कमी झाले आणि भार भिंतीवर आला. घराचे चित्र तेच राहिले. त्यातला विचार मात्र निघून गेला.

तज्ज्ञांनाही यातून सोडू नये. 1967 साली कोयनेने दख्खनच्या स्थिरतेचा भरवसा मोडला होता, 1992 मध्ये किल्लारीला कितीतरी लहान धक्के बसले होते. तरी नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 2002 च्या सुधारणेत तो वर चढवला गेला.

आता नव्या घरांकडे वळू. जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात 52 गावे हलवली गेली. काम अफाट होते आणि ते झाले, हे आधी मान्य केले पाहिजे. पण घराचे माप कसे ठरले? भूमिहीन आणि अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला 400, मोठ्या शेतकऱ्याला 750. म्हणजे घर मोजले ते जमिनीवरून, माणसांवरून नव्हे! ज्याला शेत नाही त्याला सात लेकरे नसतात काय? त्याची शेळी कुठे बांधायची, सरपण कुठे रचायचे, सुनेने न्हायचे कुठे? सरळ रेघांचे रुंद रस्ते कागदावर देखणे दिसतात. पण गाव पूर्वीच्या कितीतरी पट पसरले की शेजारणीकडे विरजण मागायला जाणेही लांबचे होते. तुकड्या-तुकड्यांनी जमलेले जुने गाव कोणी आखले नव्हते हे खरे, पण ते वापरणाऱ्यांनी घडवले होते.

त्याच योजनेचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो, आणि त्याचीच वाखाणणी कमी झाली. दीड लाखाहून अधिक घरे जागच्या जागी दुरुस्त व मजबूत करण्यात आली, आणि पैसा व काम मालकांच्या हाती राहिले. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका संवाद सहायक झाल्या. घरात अष्टौप्रहर वावरणारीला घराविषयी विचारावे, ही गोष्ट सुचायला भूकंप यावा लागला! वरची माती उतरवणे, भिंतीत आरपार दगड बसवणे, भिंतीच्या डोक्याशी चहूबाजूंनी बांधणारा पट्टा फिरवणे : यात माळवदाचा अपमान नाही, त्याची दुरुस्त आवृत्ती आहे.

आमच्या अहमदपुरात आज माळवदे एकेक करून उतरत आहेत आणि स्लॅब चढत आहेत. चढोत बापडे. पण नुसत्या विटांच्या भिंतीवर, पट्ट्याशिवाय, कोपऱ्यात खांबाशिवाय टाकलेला स्लॅब हाही डोक्यावरचा भारच. फक्त तो उन्हाळ्यात तापतो, एवढा फरक. मिस्त्रीला आपण फरशीचा रंग चार वेळा विचारतो, कोपऱ्यातल्या सळईविषयी एकदाही विचारत नाही.

पुनर्वसित गावांत लोकांनी सिमेंटच्या घराला लागून पुढे आपापले आडोसे उभे केले : कुठे पत्र्याचे छप्पर, कुठे गुरांचा गोठा, कुठे जुन्या घराचे दगड आणून मातीतच रचलेली भिंत. मला तरी हे त्या आराखड्यावरचे राहणाऱ्यांनी लिहिलेले परीक्षण वाटते. दिवाळीला त्या भिंतीही सारवल्या जातात आणि त्यांवर पणत्या लागतात. त्यांत आरपार जाणारा दगड घातला आहे की नाही, हे मात्र सारवणाआडून दिसत नाही.