वैचारिक पुस्तकाला प्रकाशक कसा मिळतो?

निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे लोक हस्तलिखितांची बाडं घेऊन येतात. कुणी बँकेतून निवृत्त झालेले असतात, कुणी वीस वर्षं शेतीची टिपणं ठेवलेली असतात. बसल्या बसल्या पहिला प्रश्न येतो, "सर, ओळखीचा कुणी प्रकाशक आहे का?" आज मला या प्रश्नावरच टीका करायची आहे. प्रश्न चुकीचा नाही, पण आपण तो फार लवकर विचारतो.

कथा-कादंबरी वाचक लेखकाच्या नावावरही घेतो. ललितेतर पुस्तक तो विषयासाठी घेतो. म्हणून प्रकाशक आधी विचारतो, "हे वाचणार कोण?" आपल्याला त्यात व्यापार दिसतो. मला तो तत्त्वज्ञानाचाही प्रश्न वाटतो. मी नेमका कुणाशी बोलतो आहे, हे मला ठाऊक आहे का?

आधी माझीच चूक सांगतो. पीएच.डी.चा प्रबंध मी जसाच्या तसा एका प्रकाशकाकडे पाठवला होता. काही महिन्यांनी तो 'साभार परत' आला. मी चिडलो. महाराष्ट्रात विचाराला किंमत नाही, असं पुढे कितीतरी वर्षं म्हणत राहिलो. मग एकदा तो प्रबंध पुन्हा उघडला. त्यातलं प्रत्येक वाक्य परीक्षकाच्या धाकानं लिहिलेलं होतं. वाचक माझ्या डोळ्यांपुढे नव्हताच. मग प्रकाशकाला तो कुठून दिसणार?

आता लक्ष्मीबाई टिळकांकडे पाहा. त्यांचा जन्म आपल्या त्र्यंबकेश्वराजवळच्या जलालपूरचा. शाळा अशी नाहीच, वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. मुलाला, देवदत्तांना, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यासाठी लक्ष्मीबाई आठवणी लिहू लागल्या आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' झालं. आधी नियतकालिकातून क्रमशः, मग 1934पासून भागाभागानं पुस्तकरूपात. शेवटचा भाग त्यांच्या निधनानंतर आला. लिहिताना समोर मुलगा होता, म्हणून भाषा सांगण्याची राहिली. आणि पुस्तक निघण्याआधी वाचक तयार झाला होता.

त्याच काळातलं दुसरं उदाहरण कठोर आहे. ऑक्टोबर 1935मध्ये आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषणाचा मसुदा पाहिल्यावर मंडळ बिचकलं. काही मजकूर गाळावा, असं सुचवलं गेलं. बाबासाहेबांनी नकार दिला आणि अधिवेशनच बारगळलं. ते न झालेलं भाषण त्यांनी 1936मध्ये स्वतःच्या खर्चानं छापलं. ते पुस्तक म्हणजे 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. पहिल्या आवृत्तीच्या 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या. इथे आयोजकांनी दार लावलं, वाचकांनी नाही.

पण थांबा. यावरून 'चांगलं पुस्तक आपोआप पोहोचतं' असा सोयीचा निष्कर्ष काढू नका. सप्टेंबर 1956मध्ये, आयुष्याच्या अखेरीस, याच लेखकाला आपल्या बुद्धावरच्या ग्रंथासाठी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहावं लागलं. सरकारनं साधारण 500 प्रती विकत घ्याव्यात, अशी विनंती होती. ती मान्य झाली नाही. ग्रंथ 1957मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. एवढ्या मोठ्या माणसाची ही अवस्था, तर गावातल्या अभ्यासकाचं काय होत असेल?

म्हणून सगळा दोष लेखकावर टाकणारा सल्ला मला मान्य नाही. आज कितीतरी लेखकांना सांगितलं जातं, छपाईचा खर्च तुम्ही द्या, शंभर-दोनशे प्रती तुम्हीच उचला. संपादन नाही, धड मुद्रितशोधन नाही, वितरण नाही. अशा वेळी प्रकाशकाचं काम फक्त छापखाना गाठण्यापुरतं उरतं. ज्याच्याकडे पैसा त्याचाच विचार छापला जाणार असेल, तर ते समाजाच्या ज्ञानाचं नुकसान आहे.

याला उत्तर होतं, आणि ते मराठीतच सापडलं होतं. सत्तरच्या दशकात 'ग्रंथाली' वाचक चळवळ म्हणून उभी राहिली. वाचकांना सभासद करायचं, सवलतीत पुस्तक द्यायचं, गावोगावी न्यायचं. दया पवारांचं 'बलुतं' 1978मध्ये तिथूनच आलं. वाचक आधी जोडलेला असला, की प्रकाशकाला धाडस परवडतं.

मग बाड घेऊन येणाऱ्याला मी काय सांगतो? सगळं बाड पाठवू नका. एक प्रकरण असं लिहा, की ते एकटं उभं राहील. ते दिवाळी अंकाला, साप्ताहिकाला द्या. गावच्या वाचनालयात त्यावर बोला. लोक जिथे जांभया देतात, तिथे खूण करा. नंतर दोन पानांचं टिपण तयार करा. माझा प्रश्न कोणता, तो कुणाला छळतो, मराठीत यावर आधी काय आलंय, मी त्यात काय नवं घालतोय? प्रकाशक निवडण्याआधी त्याची यादी पाहा. शेतीचं पुस्तक कवितासंग्रह काढणाऱ्याकडे पाठवून उपयोग नाही.

आणि शेवटचं, श्रोत्यांसाठी. आपण व्याख्यान फुकट ऐकतो, पुस्तक उसनं आणतो आणि मग म्हणतो, मराठीत वैचारिक लेखन होत नाही. आपल्या नाशिकला 1840पासून सार्वजनिक वाचनालय आहे. त्या परंपरेचे आपण वारस असू, तर वर्षाला निदान एक तरी वैचारिक पुस्तक विकत घ्या. प्रकाशकाचं लक्ष शेवटी आपल्याकडेच असतं.

इथेच थांबतो.