देशवर्णनाचें पहिलें प्रकरण

कोणत्याहि देशाची सामान्य माहिती देणारें पुस्तक उघडावें, तों त्याचा आरंभ ठरलेला असतो. आधीं चतुःसीमा, मग डोंगर, नद्या, पाऊस आणि पिकें, त्यामागून लोक, त्यांच्या जाति व चालीरीति, पुढें इतिहास, आणि सर्वांच्या शेवटीं राज्यव्यवस्था. क्वचित् लोक मागें सरतात व राज्यव्यवस्था पुढें येते, पण डोंगर आपली जागा सोडीत नाहींत. हा क्रम आमच्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, तो कोणी तरी केव्हां तरी ठरविला असला पाहिजे ही शंकाहि मनास शिवत नाहीं. प्राथमिक शाळेंत जिल्ह्याच्या भूगोलांत तो आम्हांस प्रथम भेटला. आणि पुढें मराठी विश्वकोश चाळूं लागलों तेव्हां भूवर्णन, इतिहास, राज्यव्यवस्था, आर्थिक स्थिति, लोक व समाजजीवन अशा मथळ्यांखालीं त्याचीच थोडी फिरविलेली आवृत्ति दिसली. ह्या विश्वकोशाचें बिऱ्हाड वाईस. कृष्णेच्या कांठीं बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी व त्यांचे सहकारी यांनीं देशोदेशींची ओळख मराठी वाचकास करून दिली, याचा आम्हांस अभिमानच आहे. परंतु ज्या मुलखांत बसून जगाची ओळख लिहिली गेली, त्या सातारा-सांगलीची स्वतःची ओळख कोणीं, केव्हां व कोणत्या क्रमानें लिहिली हें पाहूं लागल्यास, त्या ठरीव क्रमाविषयीं कांहीं आक्षेप उभे राहतात. ते येथें मांडण्याचा विचार आहे.

ह्या मुलखाचें आधुनिक पद्धतीचें आरंभीचें वर्णन जेम्स ग्रँट डफ याच्या मराठ्यांच्या इतिहासांत सांपडतें. १८२६ सालीं लंडन येथें निघालेल्या ह्या तीन खंडांच्या ग्रंथास एक प्रास्ताविक प्रकरण जोडलेलें आहे; त्यांत देशाच्या मर्यादा, घाटमाथा, हवा, लोक, धर्म, विद्या, पाटील-कुळकर्णी, बारा बलुते, देशमुख-देशपांडे व वतनें यांचें निरूपण केलें आहे. प्रकरण उत्तम आहे, हें आधींच सांगून टाकतों. ग्रामसंस्थेविषयीं इतकें आटोपशीर लिहिणारा आजहि विरळा. पण लिहिणारा कोण होता? १८१८ सालीं सातारा इंग्रजांच्या हातीं आल्यावर छत्रपति प्रतापसिंहांस गादीवर बसवून राज्याची व्यवस्था पाहण्यास कंपनीनें ज्यास नेमलें, तो हा गृहस्थ. १८१९ च्या तहानें राज्याच्या सीमा आंखल्या गेल्या, आणि १८२२ पर्यंत कारभाराचीं सूत्रें ग्रँट डफच्या हातीं राहिलीं. म्हणजे जो देशाचा कारभार करीत होता त्यानेंच देशाची ओळख लिहिली. वतनदारांची माहिती त्यास जिज्ञासेपोटीं जितकी हवी होती, तितकीच वसुलासाठींहि हवी होती. लष्करी दृष्टीनें ह्याहून बळकट मुलूख जगांत बहुधा नसेल, असा अभिप्राय त्यानें ह्या प्रकरणांत दिला आहे. हा अभिप्राय प्रवाशाचा नव्हे. किल्ले नुकतेच उतरवून घेतलेल्या सैन्यांतील अंमलदाराचा आहे. डोंगर पहिल्या प्रकरणांत कां येतात, याचें एक उत्तर आम्हांस येथें मिळतें.

पहिल्या प्रकरणाचें वजन पुढच्यांवर कसें पडतें, तेंहि त्याच ग्रंथांत दिसतें. मराठ्यांच्या उदयास ग्रँट डफनें सह्याद्रीच्या रानांत वाळल्या गवतास लागणाऱ्या वणव्याची उपमा दिली आहे. उपमा सुरेख आहे. साताऱ्यास उन्हाळे काढलेल्या माणसास ती सुचावी यांत नवल नाहीं. पण तिच्यांत माणूस उरत नाहीं. गवत वाळलें होतें, ठिणगी पडली, रान पेटलें. बेत कोणाचाच नव्हता. न्यायमूर्ति रानड्यांनीं १९०० सालच्या आपल्या ग्रंथाच्या आरंभींच ह्या उपमेवर बोट ठेवलें, आणि मराठी राज्य हा अपघात नसून राष्ट्रउभारणीचें काम होतें, असें प्रतिपादिलें. परंतु मौज अशी कीं, ह्या राज्यासाठीं भूमि कशी तयार झाली हें दुसऱ्या प्रकरणांत सांगतांना रानडेहि आधीं पर्वत व हवा, मग वंश, मग ग्रामसंस्था ह्याच पायऱ्यांनीं चढतात. प्रतिपक्षाचा निर्णय नाकारला, पण जिना त्याचाच वापरला. त्यांच्याहि आधीं, १८६७ सालीं, नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं विद्यार्थिदशेंतच ग्रँट डफवर टीका केली होती. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनीं शाळेची नोकरी सांभाळून पटवर्धनी दप्तरें वाचलीं व ऐतिहासिक लेखसंग्रहाचे खंडामागून खंड काढले. ह्या मंडळींनीं इतिहासाचें प्रकरण दुरुस्त केलें. भूगोलाचें मात्र निरुपद्रवी समजून तसेंच राहूं दिलें.

साताऱ्याची ओळख करून देण्याचा दुसराहि एक प्रयत्न झाला होता. त्याची गणना देशवर्णनांत कोणी करीत नाहीं. १८३९ सालीं प्रतापसिंहांस पदच्युत करून काशीस पाठविण्यांत आलें. त्यांची बाजू मांडण्यास रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले, आणि तेरा-चौदा वर्षें लंडनमध्यें खपले. ज्यांनीं सातारा जन्मांत पाहिला नव्हता, अशा लोकांपुढें तेथील राज्य म्हणजे काय, त्याचा धनी कोण, कंपनीनें त्यास काय लिहून दिलें आहे, हें त्यांना सांगावें लागलें. रंगो बापूजींच्या ह्या परिचयाचा आधार डोंगर-नद्या नव्हत्या. १८१९ चा तह होता. १८४७ सालीं प्रतापसिंह वारले; पुढच्याच वर्षीं त्यांचे बंधु शहाजी वारल्यावर त्यांचा दत्तक नामंजूर करून डलहौसीनें राज्य खालसा केलें. राज्य चालविणाराच्या परिचयांत राज्यव्यवस्था शेवटीं येते, कारण ती त्याच्या खिशांतच असते. ज्याचें राज्य जाऊं पाहत आहे त्यास तिच्यापासूनच आरंभ करावा लागतो.

१८८५ सालीं मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकोणिसावा भाग निघाला, तो साताऱ्याचा. कँबेलसाहेबांच्या देखरेखीखालीं तयार झालेल्या ह्या मालेइतकी माहिती एके ठिकाणीं पुन्हां क्वचितच गोळा झाली असेल. आम्ही स्वतः एखाद्या घाटाची किंवा बाजाराच्या गांवाची माहिती हवी असली म्हणजे अजूनहि तिच्याकडेच धांव घेतों. परंतु लोकांचें प्रकरण वाचून पाहावें. जाति आहेत, त्यांचे पोशाख आहेत, अन्न आहे, लग्नविधि आहेत, स्वभावाचे दाखलेहि आहेत. फक्त हे लोक कांहीं करूं शकतील असें वाटत नाहीं. ह्याच मुलखांतील नायगांवीं १८३१ सालीं जन्मलेल्या सावित्रीबाई फुल्यांनीं पुण्यास मुलींना शिकवावयास लागून तेव्हां पस्तीसाहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. अशा माणसास जातींच्या यादींत खण नसतो. सांगलीचें तर त्या ग्रंथांत काम नव्हतें. ती पटवर्धनांची राजधानी. खालसा मुलूख तांबडा व संस्थानें पिवळीं रंगविण्याच्या त्या काळांत सांगली, मिरज, औंध, फलटण, जत हे पिवळे तुकडे तांबड्या जिल्ह्याच्या आंतबाहेर विखुरलेले होते. १८४३ सालीं सांगलीस चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानें विष्णुदास भाव्यांनीं मराठी रंगभूमीचा पाया घातला, ही गोष्ट ह्या मांडणींत कोठें बसवावी? सांगलीच्या मातींत नाटकें पिकत नव्हतीं.

इतकें म्हटल्यावर, पाऊस हा कांहीं साहेबाचा शोध नव्हे असें कोणी म्हणेल, आणि तें खरेंच आहे. महाबळेश्वरास वर्षाकांठीं सुमारें सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तेथून जेमतेम शंभर किलोमीटरांवरच्या माणदेशांत पांचशेंच्या आसपास. ह्या एका उतरणीवर पुष्कळ गोष्टी अवलंबून आहेत. माणदेशांत मेंढरें कां, कृष्णाकांठीं ऊंस कां, खानापूर-आटपाडीकडील माणसें सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यांत शिरून मुलूखभर कां पांगलीं, हें पावसाखेरीज समजत नाहीं. येथें भूगोलास पहिला मान देण्यास आमची हरकत नाहीं.

पण तो मान एकदां दिला कीं लेखक मान वर करीत नाहीं, ही आमची तक्रार आहे. कोयनेचें उदाहरण घ्या. सह्याद्रींत उगम पावून ती पूर्वेकडे वळते व कऱ्हाडास कृष्णेला समोरून येऊन मिळते, असें पहिल्या प्रकरणांत लिहितात. परंतु १९५० नंतरच्या दशकांत हेळवाकजवळ धरणाचें काम सुरू झालें, आणि तेव्हांपासून त्या नदीचें पुष्कळसें पाणी बोगद्यांतून पश्चिमेस पोफळीकडे उतरतें व वीज करून अरबी समुद्रास मिळतें. जलाशयाखालीं गांवें गेलीं, माणसें उठविलीं गेलीं. ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनानगरास भूकंप झाला, आणि त्याचा जलाशयाशीं संबंध असावा असें बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. नदीची दिशा आणि जमिनीचा कंप हेहि जेथें सरकारी निर्णयास बांधले गेले, तेथें त्यांची नोंद केवळ भूवर्णनांत करून भागेल काय? कृष्णेचीहि तीच गत. १९६९ सालीं लवाद नेमला गेल्यापासून तिचें पाणी राज्याराज्यांत वांटलें जातें. २००५ व २०१९ सालीं सांगलींत पूर शिरला, तेव्हां आयर्विन पुलावरची पाण्याची पातळी पाहणारे लोक जितके आभाळाकडे बघत होते, तितकेच कोयनेच्या दरवाज्यांकडे व अलमट्टीच्या बातमीकडे कान लावून होते.

आतां राज्यव्यवस्थेचें शेवटचें प्रकरण. सातारा-सांगलीच्या बाबतींत तें सर्वांत रंजक व्हावें, पण बहुधा कचेऱ्यांच्या यादीवरच संपतें. १९३९ सालीं औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं गांधीजींच्या सल्ल्यानें राज्यघटना देऊन आपला अधिकार ग्रामपंचायतींच्या पायावर उभारलेल्या लोकसभेच्या हातीं सोंपविला. हें संस्थान एकसंध नव्हतें. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे, आणि गुणदाळ तर पार विजापुराकडे. भूगोलाच्या दृष्टीनें ही विद्रूपताच. परंतु १९४२ च्या चळवळीनंतर भूमिगत कार्यकर्त्यांस हींच वेडींवांकडीं टोकें उपयोगी पडलीं; खालसांतील पोलिसांस संस्थानी हद्द ओलांडतांना जो विचार करावा लागे, तो पळणाऱ्यास करावा लागत नसे. १९४३ पासून १९४६ पर्यंत नाना पाटलांच्या नांवानें जें प्रतिसरकार चाललें, त्यानें गांवोगांव न्यायनिवाडे केले, दारूबंदी केली, थोड्या खर्चांत लग्नें लावलीं. त्याच्या शिक्षा कठोर होत्या. ‘पत्री सरकार’ हें नांव त्यामुळेंच पडलें असें सांगतात, आणि त्या शिक्षांविषयीं आम्हीहि सर्वस्वीं निःशंक नाहीं. पण आमचा मुद्दा निराळा आहे. नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, नागनाथ नायकवडी वाळव्याचे, जी. डी. लाड कुंडलचे. हीं गांवें किल्ल्यांचीं नव्हेत; कृष्णाखोऱ्यांतील शेतीचीं आहेत. ग्रँट डफचा बळकट डोंगर येथें कामास आला नाहीं. आडोसा होता तो हद्दींचा, आणि त्याहूनहि गांवांचा. तो आडोसा एका रात्रींत उभा राहिलेला नव्हता. सत्यशोधक जलसे ह्याच खेड्यांतून फिरले होते. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं कऱ्हाडजवळ काले येथें रयत शिक्षण संस्था काढली होती. ज्या लोकांचें वर्णन यादीच्या रूपानें झालें होतें, त्यांनीं शेवटचें प्रकरण स्वतः लिहावयास घेतलें.

१९४८ सालीं संस्थानें विलीन झालीं, १९४९ सालीं जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग पडले, आणि १९६० सालीं दक्षिण साताऱ्यास सांगली हें नांव मिळालें. यशवंतराव चव्हाणांचें जन्मगांव देवराष्ट्रे त्यांच्या जन्माच्या वेळीं सातारा जिल्ह्यांत होतें, आज सांगलींत आहे. गांव तसूभरहि हललेलें नाहीं. १९६३ सालीं साताऱ्याचें व १९६९ सालीं सांगलीचें नवें गॅझेटियर निघालें. राज्य आपलें, संपादक आपले; आरंभ मात्र तोच, सीमा आणि डोंगर.

पुस्तकास कोठून तरी आरंभ करावा लागतो हें आम्ही जाणतों, आणि वाचकानें आधीं नकाशा पाहावा यांत गैर कांहीं नाहीं. सोय म्हणून हा क्रम राहूं द्यावा. तो कारणपरंपरा म्हणून मिरवूं लागला, म्हणजे मात्र लेखकास हटकलें पाहिजे. देशवर्णन हातीं आलें कीं आम्ही हल्लीं शेवटचें प्रकरण आधीं वाचतों, आणि मग पहिल्याकडे वळून त्यांतील कोणती नदी कोणीं अडविली व कोणती सीमा कोणत्या तहानें पडली, हें समासांत लिहीत जातों. पुस्तक खराब होतें खरें.

मागें एकदां आम्ही सांगलीहून हरिपुरास गेलों होतों. वारणा तेथें कृष्णेस मिळते. त्या गांवच्या जमिनींत हळद सांठविण्याचीं पेवें असत. तोंड बंद केलें कीं आंत हवा शिरत नाहीं, कीड लागत नाहीं, आणि हळद वर्षानुवर्षें टिकते. माती तशी घट्ट म्हणून पेवें, पेवें म्हणून सांगलीस हळदीची पेठ. येथवर पहिलें प्रकरण बरोबर चालतें. २००५ च्या पुरांत त्यांतील पुष्कळ पेवांत पाणी शिरलें. आम्हीं एका म्हाताऱ्या शेतकऱ्यास विचारलें, पेवें कशानें गेलीं? तो नदीकडे न पाहतां म्हणाला, “पाणी कवा सोडायचं, ते आमाला कोन इचारतंय?”