‘बंधक’ पूरके आणि जड धातूंचे विषहरण : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
रायगड जिल्ह्यात कुंडलिकेच्या काठी धाटाव, सावित्रीच्या काठी महाड आणि पाताळगंगेच्या काठी रसायनी येथे रासायनिक उद्योग उभे राहिले. या नद्या अखेर किनाऱ्यावरील खाड्यांना मिळतात. पेण व हमरापूर येथील मूर्तिकार वर्षभर रंगांच्या सान्निध्यात काम करतात. त्यामुळे शिसे, पारा यांविषयीची चिंता येथे निराधार म्हणता येत नाही. सक्रिय कोळसा, बेंटोनाइट माती, झिओलाइट, क्लोरेला ही पूरके ‘शरीरातील धातू बांधून बाहेर काढतात’, अशा जाहिराती याच चिंतेवर उभ्या आहेत. प्रस्तुत लेखात या दाव्याची चिकित्सा केली आहे.

‘बंध’ या शब्दाचे सामर्थ्य :
आपल्या रसशास्त्रात ‘पारदबंध’ ही संकल्पना आहे. चंचल पाऱ्याला स्थिर रूप देणे, असा तिचा अर्थ. ‘बंधक’ हा शब्द म्हणूनच मराठी वाचकाला परिचित आणि विश्वासार्ह वाटतो. मात्र शब्दाची प्राचीनता हा सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही. अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या, दक्षिण आशियात तयार झालेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. बेंटोनाइट मातीच्या एका उत्पादनातील शिशाबाबत तेथील औषध प्रशासनाने २०१६ मध्ये इशारा दिला. बांधणारेच विष आणू शकते, हा यातील विरोधाभास होय.

दाव्यातील मूलभूत दोष :
प्रौढ व्यक्तीच्या शरीरातील नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत साठलेले असते. पोटात घेतलेली माती वा कोळसा आतड्यातून पुढे जातो. हाडांपर्यंत तो पोहोचतच नाही. शिवाय सक्रिय कोळसा शिसे व इतर धातूंना फारसा धरत नाही. याउलट तो थायरॉईडच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्यांना धरून त्यांचा परिणाम घटवू शकतो. वैद्यकातील चिलेशन हा खरा उपचार आहे. परंतु तोही निर्धोक नाही. डायसोडियम ईडीटीएमुळे रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटून अमेरिकेत २००३ ते २००५ या काळात तिघांचा मृत्यू झाला, त्यांपैकी दोन बालके होती. बालकांतील शिसेबाधेसाठी तेथे १९९१ मध्ये मान्यता मिळालेले सक्सिमर हे औषधही रक्तातील शिसे दर डेसिलीटरला ४५ मायक्रोग्रॅमच्या वर गेल्यासच देण्याचे ठरले.

सुरक्षित मार्ग :
पहिली पायरी म्हणजे उगम थांबवणे. रंगाची धूळ घरात न आणणे, कामाच्या जागी न जेवणे, फवारणीच्या वेळी योग्य मुखपट्टी वापरणे, हे उपाय कोणत्याही चूर्णापेक्षा अधिक उपयोगी आहेत. दुसरी पायरी रक्ततपासणीची. औषध देऊन नंतर केलेल्या लघवीच्या तपासणीत धातूंचे प्रमाण फुगलेले दिसते. त्यावरून निदान करू नये. तिसरी पायरी आहाराची. लोह व कॅल्शियम पुरेसे असल्यास शिशाचे शोषण कमी होते. नाचणी येथे सहज उपलब्ध आहे. मासळी सोडण्याचेही कारण नाही. मुशीसारख्या मोठ्या शिकारी माशांपेक्षा मांदेलीसारख्या लहान माशांत पारा कमी साठतो. एवढे करूनही पूरक घ्यावयाचेच असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि अन्य औषधांपासून काही तासांचे अंतर ठेवावे. गर्भवती स्त्रिया व बालकांनी ती टाळावीत.

समारोप :
या पूरकांचा सर्वांत मोठा धोका त्यांनी दिलेल्या निश्चिंततेत आहे. चूर्ण घेणारा कारागीर त्याच धुळीत काम करत राहतो, आणि कारखान्याला व प्रशासनाला विचारावयाचा प्रश्न औषधाच्या दुकानात संपतो. धातू बांधण्याची खरी जागा उगमापाशी आहे, याचे भान विद्यार्थ्यांना देणे हे विज्ञान आणि भाषा या दोन्ही विषयांच्या अध्यापकांचे काम आहे, असे वाटते.